इंग्रजीचा तास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात माहीम येथे एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



चिटणीसांनी मला या व्यासपीठावर पाचारण केले तेव्हा प्रथम संकोच वाटला. आपल्या ज्ञातीत आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, परदेशी जाऊन आलेले इंजिनिअर आहेत. मी केवळ मॅट्रिक. म्हणजे १९७६ साली दहावी उत्तीर्ण झालेला, पण आमच्या घरी दहावीलाही मॅट्रिकच म्हणत. पुढे दोन वर्षे शिक्षक-प्रशिक्षण घेतले आणि महापालिकेच्या मराठी शाळेत खडू हातात धरला, तो २०१८ साली खाली ठेवला. अशा माणसाने इंग्रजी कसे शिकवावे यावर बोलावे, हे धाडसच होय. परंतु आज दुपारच्या साधारण सभेपुढे शिक्षणनिधीचा ठराव यावयाचा आहे, आणि त्याविषयी मला जे सांगावयाचे आहे ते वर्गातील अनुभव सांगितल्यावाचून सांगता येणार नाही. म्हणून हे धाडस करीत आहे.

आरंभी माझ्या बालपणीची एक हकीकत सांगतो. आमचे वडील गिरणीत होते आणि आम्ही येथेच, माहीमच्या एका चाळीत राहत होतो. त्या काळी गावाहून तार आली की सगळी चाळ गोळा होई. तार इंग्रजीत, वाचणार कोण? दुसऱ्या मजल्यावर एक कारकून राहत, तेच आम्हां सर्वांचे वाचक. एकदा आजी गावी गेली आणि तीन-चार दिवसांनी दारात तारवाला उभा राहिला. कारकून कामावर गेलेले. आईने ती तार पाहिली आणि हंबरडा फोडला. शेजारणी जमल्या, चूल विझली, वडिलांना गिरणीतून बोलावून आणले. सायंकाळी कारकून आले, त्यांनी तार उलगडली आणि वाचले, ‘रीच्ड सेफली’. आजी सुखरूप पोहोचली होती! दोन शब्दांसाठी आम्ही दिवसभर सुतक पाळले. पुढे तार गेली. १५ जुलै २०१३ पासून सरकारने ती सेवाच बंद केली. परंतु आपल्या दारात आलेला कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची लाचारी गेली असे मला वाटत नाही. पूर्वी ती तार होती. आज रुग्णालयाचे कागद आहेत, बँकेचे अर्ज आहेत, नोकरीचे नियुक्तिपत्र आहे.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. उपमा भारदस्त खरी. पण तिने एक अपाय केला. वाघिणीचे दूध म्हटले की मूल आधी वाघिणीला भिते. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत इंग्रजी न येणारी मुले मी थोडी पाहिली. इंग्रजीला भिणारी मात्र पुष्कळ पाहिली.

या शहराचा आणि इंग्रजीचा संबंध जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, ते मराठी आणि इंग्रजी असे शेजारी शेजारी स्तंभांत छापीत असत. एका बाजूस आपली भाषा, दुसऱ्या बाजूस परकी. वाचणाऱ्याने दोहोंत ये-जा करावी. दोन्ही भाषांची एकमेकींस लाज वाटत नव्हती. पुढे तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या. तिची रीत अशी की मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे. इंग्रजी घ्यावे, त्याचे मराठी करावे. त्यानंतर दुसरे मत पुढे आले. वर्गात मातृभाषा उच्चारूच नये, वस्तू दाखवावी, कृती करावी आणि इंग्रजीतच बोलावे. याला प्रत्यक्ष पद्धती म्हणत. गंमत अशी की, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या ज्या रेनसाहेबांचे नाव आपण ‘रेन आणि मार्टिन’ या जाडजूड व्याकरणामुळे ओळखतो, त्यांनीच हिंदी शाळांतील प्रत्यक्ष पद्धतीवरही पुस्तक लिहिले होते. ते पुस्तक लोक विसरले. व्याकरण मात्र आजही घराघरांत आहे. आपल्या लोकांना बोलण्यापेक्षा नियमाचा आधार अधिक वाटतो, हेच यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने खालच्या इयत्तांतून इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेविले. मी शिकलो तेव्हा ते पाचवीपासून होते. आणि २००० साली, प्राध्यापक रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून सुरू झाले. त्या निर्णयाची चर्चा पुष्कळ झाली. पण ज्यांनी तो अंमलात आणावयाचा त्या आम्हां प्राथमिक शिक्षकांची अवस्था कोणी विचारली नाही. माझी नोकरी तेव्हा एकवीस वर्षांची झाली होती. इंग्रजी वाचता येई, लिहिता येई. पण बोलावयाचे म्हटले की जीभ टाळूला चिकटे. सहा वर्षांच्या मुलांपुढे उभे राहून ‘गुड मॉर्निंग, चिल्ड्रन’ म्हणताना मला जो घाम फुटला तो मला अजून आठवतो. तेव्हा मी जे सांगणार आहे ते पंडिताचे ज्ञान नव्हे. मुलांच्या पुढे केवळ एक धडा असलेल्या विद्यार्थ्याची ती टिपणवही आहे.

पहिली गोष्ट कानाची. मूल मराठी कसे शिकते? वर्ष-दीड वर्ष ते नुसते ऐकते. आई ‘ये’ म्हणाली की येते, ‘दे’ म्हणाली की देते, बोलते नंतर. आम्ही मात्र इंग्रजीच्या पहिल्याच दिवशी मुलाला म्हणतो, ‘हं, बोल!’ मी हा क्रम बदलला. पहिले काही आठवडे मी बोलावे आणि मुलांनी करावे. ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘ओपन द डोअर’, ‘टच युअर नोज’. साठ मुलांच्या वर्गात यासारखा उपाय नाही. कोणाला समजले आणि कोण शेजाऱ्याकडे पाहून उठला, हे शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळते. पुढे मुलेच साहेब होतात आणि मला हुकूम सोडतात. गुरुजींना नाक धरावयास लावण्यात जो आनंद आहे, तो कोणत्याही बक्षिसात नाही.

दुसरी गोष्ट, मुलाजवळ जे भांडवल आहे त्यावर व्यापार सुरू करावा. आमच्या माहीमचे मूल इंग्रजी शून्यापासून शिकत नाही. बस, स्टेशन, तिकीट, प्लॅटफॉर्म, सिग्नल, टेबल, डॉक्टर, बॅट, बॉल, आऊट हे शब्द ते घरून घेऊन येते. मी फळ्यावर अशा शब्दांची यादी मुलांकडूनच करून घेई आणि पहिल्याच तासाला फळा भरून जाई. ‘गुरुजी, हे सगळे इंग्रजी?’ असे विचारताना त्यांच्या डोळ्यांत जे आश्चर्य उमटे, त्याने अर्धी भीती तेथेच पळे. वाचनासाठीही पहिले पुस्तक माहीम स्टेशनवरील पाटी. तिच्यावर गावाचे नाव देवनागरीतही असते आणि रोमन लिपीतही. त्या पाटीपुढे मुलांना उभे करावे. जे नाव त्यांना ठाऊक आहे, त्याचेच एकेक अक्षर ती आपण होऊन ओळखू लागतात. तेथून दादर, माटुंगा, वांद्रे. एका लोकलच्या प्रवासात निम्मी वर्णमाला होते.

या बाबतीत दक्षिण हिंदुस्थानातील एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९७९ पासून पाच वर्षे प्रभू नावाच्या भाषातज्ज्ञांनी तेथील साध्या शाळांत व्याकरणाचा क्रमवार पाठ्यक्रम बाजूस ठेवून मुलांना नुसती कोडी आणि कामे दिली. आगगाड्यांचे वेळापत्रक द्यावे आणि विचारावे, अमुक ठिकाणी अमुक वेळेला पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी? मुलांचे लक्ष उत्तराकडे, आणि भाषा मागच्या दाराने आत येते. मी हे फार उशिरा वाचले. पण लोकलचे वेळापत्रक माझ्या वर्गात त्यापूर्वीच भिंतीवर लागले होते, हे थोड्या अभिमानाने सांगतो.

तिसरी गोष्ट, सुटा शब्द पाठ करवू नये, वाक्य द्यावे. आम्ही लहानपणी ‘मँगो म्हणजे आंबा’ असे शेकडो शब्द घोकले आणि वाक्य करावयाची वेळ आली तेव्हा मुके झालो. पामर नावाच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने १९१६ साली शंभर कोष्टकांचे एक पुस्तक काढले होते. त्याची रीत सोपी आहे. फळ्यावर तीन रकाने आखावे. पहिल्यात ‘आय, वुई, यू, दे’. दुसऱ्यात ‘लाइक, वाँट’. तिसऱ्यात ‘मिल्क, टी, राइस, फिश, मँगोज, बनानाज’. आता कोठूनही कोठे जा. चार, दोन आणि सहा यांचा गुणाकार करा. अठ्ठेचाळीस वाक्ये झाली आणि एकही चूक होणे शक्य नाही! ज्या मुलाच्या तोंडून इंग्रजी वाक्य कधी निघाले नव्हते, ते पाच मिनिटांत दहा वाक्ये बोलते. ती पक्की झाल्यावर मग ‘ही’ आणि ‘शी’ आणावेत आणि ‘लाइक’चे ‘लाइक्स’ होते हे दाखवावे. एका वेळी एकच अडचण. हा नियम मी कधी मोडला नाही.

चौथी गोष्ट वादाची आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलावे की नाही? माझे उत्तर असे की मराठी हा पांगुळगाडा आहे. मूल चालावयास लागेपर्यंत तो हवाच; चालू लागल्यावर तो काढून घेतला नाही तर पाय अधू होतात. प्रत्येक वाक्याचे भाषांतर करून सांगणारा शिक्षक मुलाला इंग्रजी ऐकूच देत नाही. ते मूल मराठीची वाट पाहत बसते. परंतु मराठीला वर्गाबाहेर उभे करणारा शिक्षक हाताशी असलेला दिवा विझवितो. कारण मुलाच्या चुका मराठीतूनच येतात, आणि त्या मराठीतूनच उमजतात.

एक उदाहरण देतो. ‘रामाने रावणाला मारले’ म्हणा, की ‘रावणाला रामाने मारले’ म्हणा, मेला तो रावणच. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय चिकटलेला असतो, म्हणून शब्द कोठेही बसला तरी त्याची ओळख पुसत नाही. आता इंग्रजीत ‘राम किल्ड रावण’ यातील दोन नावांची अदलाबदल करून पाहा. रामायणच उलटे झाले! इंग्रजी शब्दाची ओळख त्याच्या जागेवरून होते. हे एकदा फळ्यावर दाखविले की मुले हसतात आणि जन्मभर विसरत नाहीत. तसेच ‘अ’ आणि ‘द’ यांचे. मराठीत ते नाहीत, म्हणून मुले ते गाळतात. पण आजीची गोष्ट आठवा. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा आला तो ‘एक राजा’, म्हणजे ‘अ किंग’. ओळख झाल्यावर ‘तो राजा’, म्हणजे ‘द किंग’. व्याकरणाच्या पुस्तकात याला दोन पाने लागतात. आजीला दोन वाक्ये पुरतात.

आपल्याकडे फळा तो, खुर्ची ती आणि टेबल ते; म्हणून मूल खुर्चीला ‘शी’ म्हणते. आपण ‘मला ताप आला’ म्हणतो, म्हणून मूल ‘फीव्हर केम टू मी’ असे लिहिते. यात मूल मूर्ख नाही. ते आपल्या भाषेशी प्रामाणिक आहे. शिक्षकाने एवढेच दाखवावे की हे घर निराळे आहे आणि या घराची रीत निराळी आहे.

येथे मला एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट. पाचवीच्या वर्गात मी विचारले, काल तुम्ही काय केले ते इंग्रजीत सांगा. सगळा वर्ग गप्प. कोळीवाड्यातला एक मुलगा उठला. पहाटे आईबरोबर बाजारात जाऊन मग शाळेत येणारा तो मुलगा. तो म्हणाला, ‘येस्टरडे आय गोएड मार्केट’. मी हसलो. गुरुजी हसले म्हणताच वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून मुलांनी त्याचे नावच ‘गोएड’ पाडले. तो मुलगा सातवी उत्तीर्ण होऊन गेला, पण माझ्या इंग्रजीच्या तासाला त्याने पुन्हा तोंड उघडले नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की त्या मुलाने चूक केलीच नव्हती. म्हणजे चूक होती, पण ती बुद्धीची चूक होती. ‘प्ले’चे ‘प्लेड’ होते, ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ होते, हा नियम मीच शिकविला होता. त्याने तो पकडला आणि ‘गो’ला लावला. गप्प बसलेल्या मुलांपेक्षा त्याला अधिक समजले होते. मी म्हणावयास हवे होते, ‘ओ, यू वेंट टू द मार्केट! व्हॉट डिड यू सी?’ म्हणजे बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडले असते आणि त्याचे बोलणेही तुटले नसते. पुढे तो एकदा मला भेटला. चांगला कर्ता पुरुष झाला होता. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘गुरुजी, तुमचा गणिताचा तास मला फार आवडायचा.’ इंग्रजीचे नाव त्याने काढले नाही. मलाही काढवले नाही.

तेव्हापासून मी दोन नियम केले. मूल बोलत असता त्याला थांबवून चूक दुरुस्त करावयाची नाही. आणि चुकीला हसणाऱ्याला वर्गात जागा नाही, मग तो हसणारा गुरुजी का असेना.

आता घरासंबंधी थोडे. पालक म्हणतात, ‘आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार?’ मी म्हणे, ऐकणार! रोज रात्री दहा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि आईने पोळ्या लाटता लाटता ऐकावे. वाचून झाल्यावर तिने मराठीत एवढेच विचारावे, ‘यात काय सांगितलेय रे?’ मुलाला अर्थ सांगता आला तर वाचन खरे. नाही तर ते पोपटपंची. या परीक्षेसाठी आईला इंग्रजीचे एक अक्षरही येण्याची गरज नाही. गेल्या शतकात ढाक्याला काम केलेल्या वेस्टसाहेबांनीही हेच ओळखले होते की या देशातील पुष्कळ मुलांना बोलण्याआधी वाचता येणे उपयोगी पडेल, कारण शिक्षक गेला तरी पुस्तक राहते.

बंधुभगिनींनो, आता ठरावाकडे येतो. शिक्षणनिधीतील मोठा भाग ज्ञातीतील मुलांच्या इंग्रजी शाळांच्या फीसाठी द्यावा, असा प्रस्ताव आहे. प्रस्ताव मांडणारे आपलेच तळमळीचे लोक आहेत. माझा इंग्रजी शाळांशी वाद नाही. माझी स्वतःची नात तशाच शाळेत जाते. परंतु दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. ज्या घरात इंग्रजीचा वारा नाही, तेथील मूल विज्ञान आणि गणित त्या भाषेत घोकून पाठ करते. मग त्याला विज्ञानही येत नाही आणि इंग्रजीही येत नाही, असे आपण किती ठिकाणी पाहतो? आणि जी मुले आजही मराठी शाळेत आहेत, ज्यांच्या आईबापांजवळ फीचा उरलेला भागही नाही, त्यांनी या निधीकडून काय घ्यावे? त्यांच्या वाट्याला केवळ दहावीचे अभिनंदनपत्रक यावे काय?

माझी सूचना साधी आहे. निधीचे दोन भाग करावे. एक फीसाठी राहू द्या. दुसऱ्यातून मंडळाच्या याच सभागृहात रोज सायंकाळी एक तास इंग्रजीचा वर्ग चालवावा. मराठी शाळेतील मुलांसाठी तो असावा. आणि इंग्रजी शाळेत जाऊन घरी मुकी होणारी मुलेही यावीत. एक फळा, शंभर-दीडशे गोष्टींची पुस्तके आणि बसावयास सतरंज्या, एवढाच खर्च. शिकविणाऱ्याचे वेतन धरू नका; मी आहे, आणि माझ्यासारखे आणखी दोघे सेवानिवृत्त आपल्यात आहेत. ज्यांना चांगले इंग्रजी बोलता येते अशा आपल्या तरुण मुलामुलींनी आठवड्यातून एक दिवस येऊन मुलांशी नुसत्या गप्पा माराव्या. माझ्या उच्चारांत जे उणे आहे ते त्यांनी भरून काढावे. मला त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा वाटणार नाही.

ठराव कसा व्हावा हे सभेने ठरवावे. तो माझ्या मताविरुद्ध झाला तरी मंडळाची सेवा मी सोडणार नाही. एवढेच लक्षात ठेवा की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी तार आली आहे आणि ती वाचून घेण्यासाठी कोणाच्या तरी दारात आपण उभे राहिलो आहोत. आपल्या मुलांनी त्या दारात उभे राहू नये. आणि इंग्रजी वाचू लागल्यावर, ज्या मराठीने त्यांना ‘एक राजा होता’ सांगितले, तिची त्यांनी लाज बाळगू नये. या दोन्ही गोष्टी एकाच फळ्यावर शिकविता येतात, अशी माझी श्रद्धा आहे.